बसलिंगप्पाच्या तोंडची शिवी

मी मानगेडी बोलतोय. शब्द आहे मी, कानडी. इलकलच्या विणकर गल्लीत माझा मुक्काम. मान घालवून बसलेला माणूस, एवढाच माझा अर्थ. भावाची जमीन गिळून त्याच्याच पंगतीला बसणारा, आईला उपाशी ठेवून बाजारात मिरवणारा, अशांवर मी ताठ जाऊन पडलो. त्याची मला लाज नाही.

लाज परवाची आहे.

परवा म्हातारी नागव्वा गेली. आमच्या गल्लीत कुणी गेलं की सगळे माग थांबतात. माती देऊन येईपर्यंत धोटा हलत नाही. लिंगायत रीतीप्रमाणं नागव्वाचं मयत दाराजवळच्या भिंतीशी बसवून हार घातले होते. तेवढ्यात आतून आवाज आला. खटक-खट, खटक-खट. मयताच्याच घरातला माग!

"सासू अजून दारात बसलीय, आणि हिला पोटाची घाई," एक बाई म्हणाली.

"उद्या तेराव्याचं जेवणही मागावरच वाढेल!" दुसरी.

बसलिंगप्पा गल्लीतला वडीलधारा. त्याच्यापुढं कुणी बोलत नाही. तो उठला. आत डोकावला नाही. उंबऱ्याबाहेरूनच ओरडला, "शिवगंगे! मानगेडी! बंद कर तो माग, नाहीतर म्हातारीला गल्लीतला एक माणूस हात लावणार नाही!"

मी सुटलो. थेट तिच्या पाठीत बसलो. तरी माग चालूच राहिला.

थोड्या वेळानं थांबला. नागव्वाची सून शिवगंगा बाहेर आली. हातात मागावरून नुकतंच कापलेलं लाल पदराचं इरकली लुगडं.

"अज्जा, जन्मभर दुसऱ्यांची लुगडी विणली हिनं. हे एक स्वतःसाठी लावलं होतं. हातभर विणायचं राहिलं होतं. जुनेरात पाठवू तिला?"

बायकांनी खाली माना घालून नागव्वाला लुगडं नेसवलं. बसलिंगप्पा खांदा द्यायला पुढं झाला.

"तुम्ही नको, अज्जा. माणसं आहेत," शिवगंगा म्हणाली.

तो सगळ्यांच्या मागून चालला. त्याचे ओठ हलत होते. मला परत गिळायला बघत होता. मी गेलो नाही, जाताच येत नाही.

दोष त्याचा एकट्याचा म्हणू नका. मी घशात अडकायला हवं होतं. उलट धारदार होऊन बाहेर पडलो.

मला टाकून द्या असं मी म्हणत नाही. मानगेडी माणसं जगात आहेत, त्यांच्यासाठी मी लागतो. पण मला काढायच्या आधी उंबरा ओलांडा. आत काय चाललंय ते बघा. मग बोला.