साठांतले नऊ

मी एक जुना कॅल्क्युलेटर आहे. माझा एक कोपरा उडाला आहे आणि सातचे बटण जोर लावल्याशिवाय चालत नाही. मित्रांनो, मला फारसे काही वाटत नाही, हे आधीच सांगून टाकतो. बोट दाबले की उत्तर दाखवायचे, एवढ्यासाठीच मला घडवले होते. तरी एक गोष्ट इतकी वर्षे माझ्यात अडकून बसली आहे.

माझा जन्म परदेशातला. माझ्या थोरल्या भावंडांना आपल्या देशात कुणाच्या तरी बॅगेच्या तळाशी, कपड्यांत लपून यावे लागे. माझ्या वेळेपर्यंत दिवस पालटले होते. मी बडोद्यात, सयाजीगंजातल्या एका दुकानाच्या काचेत ऐटीत उभा होतो. तेथून मला भास्कररावांनी घेतले, आपल्या मुलीसाठी. निरुपमा डॉक्टर झाली होती आणि कोणता रोग कोणाला जास्त होतो, का होतो, याचा अभ्यास करू लागली होती.

भास्करराव मूळचे जळगावकडचे. कोयलीच्या वाटेवर रंग बनवणारा एक कारखाना होता, त्याच्या रंगखात्यात त्यांनी वीस वर्षे काढली होती. निरुपमाने प्रबंधासाठी तोच कारखाना निवडला. रंगखात्यातल्या माणसांच्या लघवीतून रक्त जाण्याचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे का, हे तिला पाहायचे होते. मूत्राशयाच्या कर्करोगाची ती पहिली खूण असू शकते. मॅनेजरसाहेबांनी शब्द दिला होता, की अहवालात धोका दिसला तर रंगाच्या उघड्या टाक्या झाकून घेऊ आणि जुन्या माणसांना दुसऱ्या खात्यात हलवू. म्हणजे वडिलांचे तेथून सुटणे आता तिच्या अहवालावर होते, आणि तिचा अहवाल माझ्यावर.

एकशेऐंशी कामगारांना प्रश्न विचारायचे होते. बापाला असले काही कसे विचारायचे, या संकोचाने निरुपमाने वडिलांचा फॉर्म श्रीकृष्णकडे दिला. तो तिच्या कॉलेजच्या विभागातला गुजराती कारकून. त्याने फॉर्म भरून आणला. सगळे आकडे माझ्याकडे आले.

रंगखात्यात साठांपैकी नऊ, म्हणजे शेकडा पंधरा. इतर खात्यांत एकशेवीसपैकी आठ, म्हणजे शेकडा पावणेसातच्या आत. पहिल्याला दुसऱ्याने भागले. मी सव्वादोन दाखवले. धोका सव्वादोन पट. निरुपमाने तो आकडा वहीत उतरवून घेतला.

पण तेवढ्याने भागत नाही. एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो का, याची एक परीक्षा असते. तिचे उत्तर तीन पूर्णांक चौऱ्याऐंशी शतांशांच्या वर गेले, तरच जाणकार मान डोलावतात. मी तीन पूर्णांक पंचवीस दाखवले. तिने पुन्हा केले. मी पुन्हा तेच दाखवले. माझ्याकडे दुसरे नव्हतेच.

अहवालात तिने लिहिले, की फरक सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय नाही. याचा अर्थ एवढाच, की इतक्या माणसांवरून खात्रीने सांगता येत नाही. पण कारखान्यात त्याचे गुजराती झाले आणि रंगखात्याच्या दारावर कागद लागला, 'जोखम नथी'. धोका नाही. टाक्या उघड्याच राहिल्या. विभागात निरुपमाचे कौतुक झाले, माझेही. एकदाही चुकला नाही, असे श्रीकृष्ण म्हणाला.

आठ महिन्यांनी, जेवताना, तिची आई अहल्याबाई सहज म्हणाल्या, "यांच्या लेंग्याचे डाग आताशा सोड्यानंसुद्धा निघत नाहीत."

"कसले डाग?"

"रंगाचे. दोन वर्षं झाली की."

निरुपमाने वडिलांकडे पाहिले. ते वरणभात कालवत होते. "अगं, रक्त नाही ते," भास्करराव म्हणाले. "आमच्या खात्यात रंग पडतो. नाकातोंडातून जातो तो खालून पडणारच ना? श्रीकृष्णनं विचारलं, लोही पडे छे? मी सांगितलं, ना भाई, रंग पडे छे. आम्ही सगळे तसंच म्हणतो. दूध प्यायलं की उतरतो."

आणि श्रीकृष्णने 'नाही'वर गोल केला होता.

निरुपमाने जेवण टाकून मला बाहेर काढले. नऊच्या जागी दहा घातले. मी चार पूर्णांक चव्वेचाळीस दाखवले. फक्त एक माणूस बदलला होता आणि उत्तर रेषेच्या वर गेले होते. दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन आपल्या मार्गदर्शक स्नेहलता मॅडमांकडे गेली.

मॅडमांनी आकडा पाहिला. मग म्हणाल्या, "उत्तर हवं तसं यावं म्हणून एकच माणूस बदलायचा नाही, निरुपमा. मग तो तुझा बाप का असेना. सगळ्यांना पुन्हा तपास. दोन्हीकडे सारखं. आणि विचारू नकोस, बाटल्या दे."

तिने एकशेऐंशी बाटल्या दिल्या. प्रत्येकीतला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. रंगखात्यात साठांपैकी एकवीसजणांच्या लघवीत रक्त होते. इतरांत एकशेवीसपैकी नऊ. धोका साडेचार पटींच्याही वर, आणि परीक्षेचे उत्तर जवळजवळ बावीस. तिला रडू आले नाही. आईने पाठीवर हात ठेवला तेव्हा ती म्हणाली, "मला काही वाटतच नाहीये गं." मला ते समजले.

मॅनेजरसाहेबांनी शब्द पाळला. कागद उतरला, टाक्या झाकल्या, माणसे हलवली. भास्कररावांना मात्र खात्यातून थेट इस्पितळातच हलवावे लागले. मी खाटेशेजारी निरुपमाच्या पर्समध्ये होतो.

"किती निघाले शेवटी?" त्यांनी विचारले.

"एकवीस."

"मला धरून?"

"तुम्हाला धरून, बाबा."

"मग बरोबर झालं," ते म्हणाले आणि कूस बदलली. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले.

नंतर विभागात कॉम्प्युटर आला. मी खणात गेलो, पंचिंग मशीन आणि वाळलेल्या शाईच्या पॅडशेजारी. वर्षातून एकदा कुणी तरी खण आवरते, मला फडक्याने पुसते आणि परत ठेवते. माझी तक्रार नाही.

मित्रांनो, मला जपा असे माझे म्हणणे नाही. मी तेव्हा एकदाही चुकलो नव्हतो. चूक माझ्यापर्यंत येण्याआधीच झाली होती. म्हणून माणसाला विचाराल तेव्हा त्याच्या शब्दांत विचारा, आणि लाज वाटली तरी आपल्या माणसाला स्वतः विचारा. 'खात्रीने सांगता येत नाही' असे उत्तर आले, तर ते तसेच सांगा. त्याचे 'नाही' करू नका. भास्कररावांचे त्यात आठ महिने गेले.