फ्लेक्सवरचा चष्मा

रोडपालीच्या नाक्यावर रिक्षा वळली तेव्हा कोमलला विजेच्या खांबावर एक अनोळखी बाई टांगलेली दिसली. बाईच्या अंगावर कोमलचाच गणवेश होता. खाली लिहिलं होतं, ‘रोडपालीची वाघीण, लेफ्टनंट कोमल कमळाकर कोळी हिचे हार्दिक अभिनंदन’.

कोमल अजून लेफ्टनंट झाली नव्हती. चेन्नईच्या अकादमीतलं अर्धं ट्रेनिंग बाकी होतं आणि मधल्या सुट्टीत आठवडाभर ती घरी आली होती. पण तिने रिक्षा थांबवली ती त्यासाठी नाही. फ्लेक्सवर तिच्याभोवती शुभेच्छुक होते, आणि मधोमध, तिच्या कानाला कान लावून, युवा नेते स्वानंदभाऊ. निम्म्या शुभेच्छुकांच्या डोळ्यांवर काळे गॉगल. त्यांतला एकही काढायची हिंमत डिझायनरला झाली नव्हती. त्याने काढला होता तो फक्त कोमलचा चष्मा. रिकाम्या झालेल्या जागेत त्याने मोठे मोठे डोळे बसवले होते आणि पापण्या कुणाच्या तरी आणून चिकटवल्या होत्या.

चष्मा कोमलला सहावीपासून होता. मेडिकलमध्ये डॉक्टरांनी तो बघितला, नंबर मोजला, नियमात बसतोय म्हणाले आणि पास केलं. अकादमीत पहिल्याच दिवशी कवायत शिकवणाऱ्या उस्तादांनी काळा इलॅस्टिकचा पट्टा हातात ठेवला होता, “कॅडेट, चश्मा गिरा तो आप गिरे.” तेव्हापासून पट्टा मागून बांधलेला असे. ती चिखलात सरपटली, भिंतीवरून उड्या मारल्या, नेमबाजीत कंपनीत दुसरी आली. चष्मा पडला नाही. तो पडला तो रोडपालीत, कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर.

दारातच चुलतभाऊ प्रितेश पेढा घेऊन उभा होता. फ्लेक्स लावणाऱ्या मंडळाचा अध्यक्ष तोच.

“माझा चष्मा कुठाय?” कोमलने विचारलं.

“तुझ्या नाकावर हाय ना ताई.”

“फ्लेक्सवरचा.”

“तो काढला. डिझायनरनं फ्रीमधी काढला,” प्रितेश अभिमानाने म्हणाला. “चष्म्यात ऑफिसर नाय वाटत गं. बँकेतली वाटतंस.”

आत शकूआत्या बसली होती. पनवेलच्या बाजारात तिची मासळीची पाटी, आणि भाचीवर जीव. तिने एक छोटी डबी पुढे केली. “घे. लेन्स हायत. उद्या सत्काराला घाल. तुझ्या जुन्या नंबराच्या कागदावर आनल्या.”

“आत्या, आम्हाला लेन्स नको म्हणून सांगितलंय. धूळ गेली की डोळा जातो. आमच्यातल्या एकीने कॅम्पमध्ये घातली, डोळा सुजला, दिवस बुडाले आणि पोरगी एक टर्म मागे गेली. सहा महिने. मला परत गेल्या गेल्या तोच कॅम्प आहे.”

“आपल्याकडं कुठाय कॅम्प? स्टेज हाय.”

कोमलने वडिलांकडे पाहिलं. कमळाकर बंदरावरच्या नोकरीतून निवृत्त झालेला माणूस. मूळ गावी, करंजाला, राहणाऱ्या भावाच्या होडीत अजून त्याचा वाटा होता आणि त्या होडीच्या रंगाचा डबा बाल्कनीत. तो त्या डब्याकडेच बघत बसला होता.

“पप्पा, तुम्हीच सांगा यांना.”

कमळाकर खाकरला. “घाल की एक दिवस.”

“का?”

“लोकं बोलाय लागली. चष्म्यावाल्याला मिलिटरी घेत नाय, ह्यांनी पैसं चारलं, वशिला लावला. करंजाला बोलली, इकडं बोलली. मंग मी सांगितलं.”

“काय सांगितलं?”

“नंबर गेला म्हणून.”

राग आला की कोमलची भाषा करंजाला परत जायची, तशी ती गेली. “म्हंजे खोटं तुमी बोललात आन डोळं मी घालायचं? मी मान मोडून पास झालू, आन तुमी त्या भाड्यांना एवढं नाय सांगू शकलात, का चष्म्यासकट घेतात?”

“सांगितलं असतं. कोन ऐकतंय? माझ्या तोंडावर हसली ती. उद्या सगली येनार हायत.” कमळाकरचा आवाज खाली आला. “माझी मान जाईल गं.”

हा डाव जुना होता, पण चालला. कोमलने दात आवळून डबी उचलली आणि प्रितेशला बोटाने जवळ बोलावलं. “गुलाल आणायचा नाही. एक चिमूट नाही.”

“शप्पथ ताई. फक्त फुलं.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळा नाका जमला होता. कोमल लेन्स घालून, उघडी पडल्यासारखी, स्टेजवर उभी. स्वानंदभाऊंनी माइक धरला आणि देशाच्या सीमा या विषयावरून सुरुवात करून रोडपालीच्या गटारांपर्यंत आले. “आपल्या कोमलताईंच्या या तेजस्वी डोळ्यांनी शत्रू थरथर कापेल,” ते म्हणाले. शत्रूचं माहीत नाही, कोमलचे डोळे मात्र चुरचुरत होते. पहिल्या रांगेत कमळाकर ताठ मानेने बसला होता. ती मान बघून तिला जास्तच संताप आला.

मग जेसीबी आला. आपल्याकडे मातीपेक्षा माणसांवर काहीतरी ओतायलाच तो जास्त लागतो. त्याचं लोखंडी बकेट कोमलच्या डोक्यावर आलं, त्यात झेंडूच्या पाकळ्या दिसत होत्या. प्रितेशने तिला अंगठा दाखवला. बकेट कलंडलं. आधी पाकळ्या पडल्या. मग पाकळ्यांखालचं पडलं.

पालिकेच्या निवडणुकीत स्वानंदभाऊंनी विजयासाठी पोती भरून गुलाल आणून ठेवला होता. भाऊ पडले, गुलाल राहिला. तो कुठेतरी खपवायला हवा होता.

गुलाबी धुरळा खाली बसला तेव्हा कोमल स्टेजच्या कडेला पाण्याच्या बाटलीखाली डोळे धरून वाकली होती आणि तिच्या तोंडातून जे निघत होतं ते चालू माइकवर सगळ्या नाक्याला ऐकू जात होतं. अकादमीत शिव्या शिकवत नाहीत. त्या करंजाच्या होत्या.

“गुलाल आनायचा नाय बोललेलीस ना,” प्रितेश काकुळतीने म्हणाला, “हा आनला नाय. हा उरलेला हाय.”

जुन्या पनवेलात डॉ. इलाना पेणकरांचा डोळ्यांचा दवाखाना आहे. त्यांनी लेन्स काढल्या, डोळे धुतले, दिवा टाकून बघितलं आणि खुर्ची मागे सरकवली.

“दोन्ही बुबुळांवर ओरखडे आहेत. डावं जास्त. या लेन्स कोणी दिल्या?”

“मी आनल्या,” शकूआत्या म्हणाली.

“डोळे न तपासता?”

“बाई, मी रोज डोळं बघूनच माल घेते.”

“मेलेल्या माशांचे,” डॉक्टर म्हणाल्या. “दृष्टीला धोका नाही, नशीब. पण महिनाभर धूळ नाही, चिखल नाही. डाव्या डोळ्यावर पट्टी.”

महिनाभर धूळ आणि चिखल नाही म्हणजे कॅम्प नाही. कोमलने तिथेच हिशोब मांडला.

घरी आल्यावर कमळाकर हळूच म्हणाला, “गॉगल लावून जा. सांगू नको. कोन बघतंय?”

कोमल त्याच्याकडे इतका वेळ बघत राहिली, की त्याने मान फिरवली. तिने फोन उचलला आणि त्याच्यासमोरच कंपनी कमांडर मॅडमना सगळं सांगितलं: लेन्स, गुलाल, जेसीबी. जेसीबी त्यांना दोनदा सांगावा लागला. खरं सांगितलंस ते बरं केलंस, त्या म्हणाल्या, आणि अकादमीच्या डॉक्टरांचंही असंच मत पडलं तर टर्म मागे जावं लागेल, हेही म्हणाल्या.

“सहा महिने, पप्पा,” कोमल म्हणाली. “तुमच्या मानेचे. आता एक करा. जिथं जिथं नंबर गेला बोललात, तिथं तिथं जाऊन सांगा. मी नाय सांगनार. मी कुनाला काय देनं लागते?”

त्यानंतर निघायच्या दिवसापर्यंत ती त्याच्याशी बोलली नाही. तो जेवला का, हेही विचारलं नाही.

निघाली तेव्हा डाव्या डोळ्यावर पांढरी पट्टी, पट्टीवर चष्मा, मागे इलॅस्टिक. रिक्षा नाक्यावर आली आणि गर्दीमुळे थांबली. खांबाला शिडी लावली होती. शिडीवर कमळाकर होता, हातात होडीच्या काळ्या रंगाचा डबा आणि रुंद ब्रश.

फ्लेक्सवरच्या बाईला चष्मा लागला होता. चांगला ठसठशीत, होडीच्या कडेला ओढतात तशा रेघेचा. एक काच दुसरीपेक्षा मोठी झाली होती. खाली, शुभेच्छुकांच्या रांगेवरून, ओघळत्या अक्षरांत लिहिलं होतं: ‘नंबर हाय. चष्म्यासकट पास झाली. मी खोटं बोललो. कमळाकर.’

“काका, उतरा खाली,” प्रितेश शिडीखाली हात जोडून उभा होता. “भाऊंच्या कानावर रंग गेलाय. भाऊ मला मारतील.”

“पोरीच्या चष्म्याची काडी हाय ती,” कमळाकर वरून म्हणाला. “कुठंतरी टेकाया नको?”

मग त्याला रिक्षा दिसली. तो रंगाने बरबटलेल्या हातांनी तसाच खाली उतरला आणि रिक्षाशी येऊन उभा राहिला. कोमलने एका डोळ्याने फ्लेक्स वरपासून खालपर्यंत तपासला, उस्ताद रायफल तपासतात तसा.

“पट्टा राहिला,” ती म्हणाली. “मागून बांधतात तो.”

आणि रिक्षावाल्याला म्हणाली, “चलो.”

कमळाकरने डबा उचलला आणि पुन्हा शिडी चढला. पट्ट्याला डोक्यामागे जागा हवी होती, आणि त्या जागेवर स्वानंदभाऊ होते.