सिस्टरची साक्ष

“तू विसरलीस असं सांग,” आई म्हणाली. “तुझं काय जातंय?”

कोर्टाच्या व्हरांड्यातल्या बाकावर दोघी बसल्या होत्या. लेकीचं काय जात होतं हे आईला ठाऊक नव्हतं, असं नाही. लेक नर्स होती. वॉर्डात गोळी दिली की ती पाणी पाजायची आणि मग “तोंड उघडा, जीभ वर करा” म्हणून खात्री करून घ्यायची. वैतागलेले म्हातारे पेशंट तिला पाठीमागे फौजदार म्हणत, तोंडावर सिस्टर.

आई ऑपरेशनसाठी दवाखान्यात होती तेव्हा सिस्टरनं थोरल्या भावाला, दादालाही, डोक्याच्या आजाराची गोळी देताना रोज असंच जीभ वर करायला लावलं होतं. गोळी रोज पोटात गेली होती. तरीही आई घरी यायच्या आदल्या दिवशी दादानं वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूच्या डोक्यात लोखंडी पाइप घातला. तो पाण्याच्या टाकीत विष कालवतो, असं दादाचं म्हणणं. भाडेकरू वाचला, पण त्याचा एक डोळा गेला.

दादाच्या वकीलबाईंनी दोघींना नीट समजावलं होतं. औषध बंद पडून तो भानावर नव्हता असं दिसलं, तर त्याला इस्पितळात ठेवतील. औषध चालू होतं म्हटलं, तर सरकारी वकील म्हणणार की डोकं ठिकाणावर होतं, आणि मग तुरुंग. वकीलबाई एवढंच बोलल्या होत्या. उरलेलं आईनं जुळवलं.

सिस्टरला दादाचा हेवा वाटायचा. डोकं फिरलेल्या माणसाचा हेवा, हे ऐकायलाही बरं दिसत नाही, पण वाटायचा. दादाला आवाज ऐकू यायला लागले आणि आईचे डोळे, कान, झोप सगळं त्याच्या नावावर झालं. सिस्टर नर्सिंगच्या परीक्षेत पहिली आली, त्या दिवशी आई दादाला शोधत रस्ते पालथे घालत होती. त्याच्याही आधी, शाळेत असताना, सिस्टरनं मलाही आवाज येतात असं सांगून पाहिलं होतं. आई भांडी घासत होती. तिनं मानही वर केली नाही. “नाटकं पुरेत,” म्हणाली.

आणि आता हीच आई तिच्याकडे काहीतरी मागत होती. सिस्टर हो म्हणाली ती दादासाठी नव्हे, त्या मागण्यासाठी.

सरकारी वकील मऊ आवाजाचा माणूस होता. त्यानं आधी तिच्या नोकरीची चौकशी केली, कामाचं कौतुक केलं. मग विचारलं, अख्खा वॉर्ड सांभाळता, आणि घरातला एक माणूस विसरलात? ती हो म्हणाली. रोजच विसरलात? न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. वकीलबाई उगाच कागद चाळू लागल्या. खोटं उघडं पडायला आलं होतं आणि दादा तुरुंगात चालला होता.

“की विसरला नाहीत,” सरकारी वकील हसून म्हणाला, “गोळ्या दिल्याच नाहीत?”

“नाही दिल्या.”

“का?”

दादा आरोपीच्या जागी बसून स्वतःची नखं बघत होता आणि आई त्याच्याकडे बघत होती. या क्षणीसुद्धा त्याच्याचकडे.

“मला त्याचा हेवा वाटतो,” सिस्टर म्हणाली. “पहिल्यापासून. मी मेले तरी आईला कळायचं नाही, इतकं तिचं सगळं लक्ष त्याच्यात असतं.”

यात तिला नाटक करावं लागलं नाही. तिला रडू फुटलं आणि ते थांबेना. नको तो प्रश्न विचारला, हे खाली बसता बसता सरकारी वकिलाच्या लक्षात आलं असावं. आईनं मात्र मान वळवली आणि लेकीकडे बघितलं, चांगलं रोखून बघितलं.

दादाची रवानगी इस्पितळात झाली. मेट्रननं सिस्टरला औषधांवरून हलवून चादरींच्या कोठीत बसवलं. तेही तिनं गिळलं. घरी आई बोलेनाशी झाली होती, ते गिळवत नव्हतं.

शेवटी एका संध्याकाळी आईनंच विचारलं, “खरं सांग. दिल्या होत्यास ना त्याला गोळ्या?”

“दिल्या होत्या. तुला माहीत आहे. तूच तर खोटं सांगायला लावलंस.”

“मी तुला विसरलीस असं सांगायला लावलं होतं,” आई म्हणाली. “बाकीचं तू तुझ्या मनानं बोललीस.”

आईच्या रक्तदाबाच्या गोळीची वेळ झाली होती. सिस्टरनं गोळी आणि पाण्याचा पेला आईपुढे धरला. आईनं गोळीकडे पाहिलं, मग लेकीच्या हाताकडे. “ठेव तिथं,” म्हणाली.

मग आई उठली, कपाटातून गोळ्यांची पट्टी काढून तिनं ती डोळ्यांजवळ नेऊन पाहिली आणि समोरच्या शेजारणीचं दार वाजवलं.

“ही रक्तदाबाचीच आहे ना? जरा वाचून सांगता?”

“अहो, घरात नर्स आहे की तुमच्या,” शेजारीण म्हणाली.

शेजारीण चष्मा आणायला आत गेली, आणि आई पट्टी मुठीत धरून तिच्या दारात उभी राहिली.