खुर्चीतली शिकवणी

दुसऱ्याला शिकवायचं म्हणायचं आणि स्वतःचीच हौस भागवून घ्यायची, या वागण्याला काय म्हणावं? तेही एकेकाळी स्नूकरची बक्षिसं घरी आणलेल्या माणसानं.

आईला हे दुसऱ्या कुणी सांगितलं असतं, तर तिनं त्याची जीभ हासडली असती. लेक स्पर्धा सोडून कोच झाला, तेव्हापासून ती शेजारणींना ऐकवत आली होती, "आमचा दगडालाही खेळायला शिकवेल." पण त्या दुपारी तो डबा घरी विसरला, म्हणून ती स्नूकरच्या हॉलवर गेली आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघून बसली.

हिरव्या टेबलावर वाकून लेक एकेक चेंडू आत घालत होता. लाल, काळा, पुन्हा लाल. हात असा, की लोण्यातून सुरी फिरावी. आईनं तर टाळीसुद्धा वाजवली. कोपऱ्यातल्या खुर्चीत त्याची शिष्या, विशीतली पोरगी, खेळायची काठी, तिचा क्यू, गुडघ्यांत उभा धरून बसली होती. दुसऱ्या दिवशी तिची निवडीची मॅच होती.

"तुझी पाळी कधी गं?" आई तिच्याशेजारी टेकली.

"सर चुकले की."

"मग चुकतो कधी?"

"मॅचमध्ये चुकायचे, असं लोक म्हणतात. इथे नाही चुकत." पोरीनं जीभ चावली. "म्हणजे, बघूनही शिकता येतं, आजी."

"रोज असंच?"

"मी मारायला वाकले की म्हणतात, थांब, दाखवतो. मग दाखवतच राहतात."

टाळी वाजवलेले हात आता कुठे लपवावेत, ते आईला कळेना. लेक हरून यायचा तेव्हा तिनं टेबलाला, दिव्यांना, पंचांना, सगळ्यांना नावं ठेवली होती. एक त्याला सोडून.

"अरे, जरा तिला मारू दे की."

"थांब गं आई, आत्ता कुठे हात बसलाय."

"उद्या मॅच तिची आहे."

"म्हणूनच तर दाखवतोय." त्यानं मानही वर केली नाही.

पोरीनं हळूच क्यूचे दोन तुकडे सुटे करून पिशवीत भरले. "आजी, मी दुसरीकडे टेबल मिळतंय का बघते. सर रागावतील का?"

"कळलं तर रागावेल ना. जा तू."

ती गेली. लेकानं सगळे रंगीत चेंडू आत घातले, शेवटचा काळाही घातला आणि फुललेल्या चेहऱ्यानं खुर्चीकडे वळला. "पाहिलंस, काळ्याला कसा..."

खुर्ची रिकामी होती.

"कुठे गेली?"

"खेळायला."

त्याचं तोंड उतरलं. "सांगून तरी जायचं माणसानं."

आईनं डबा त्याच्या हातात दिला. तिचा आवाज अजिबात चढला नाही.

"तू हरून यायचास तेव्हा माझी मान कधी खाली गेली नाही. आज सगळे चेंडू आत घातलेस, आणि गेली. ती पोर उद्या हरली, तर तिला एक शब्द बोलायचा नाही. आणि जिंकली, तर तिच्याशेजारी फोटोला उभं राहायचं नाही."