मास्तरांच्या बाजूचा ब्रेक

मोटार शिकवणाऱ्या मास्तरांच्या टाचेचं हाड मोडलं, ते गाडीत नसलेल्या ब्रेकमुळे. वाक्य पुन्हा वाचू नका, बरोबरच आहे.

शिकवायच्या गाडीत मास्तरांच्या पायाशीही एक ब्रेक असतो. शिकणाऱ्याची तंतरली की मास्तरांनी तो दाबायचा. मास्तरांनी तो तीस वर्षं दाबला. वर्गाबाहेर मोठा बोर्ड होता, 'तीस वर्षं, शून्य अपघात', आणि त्यातलं शून्य इतकं मोठं रंगवलं होतं की त्यातून मांजर आरामात गेलं असतं. पण घरची गाडी ही घरची गाडी होती. तिच्यात ब्रेक एकच, आणि तो चालवणाऱ्याच्या पायाशी.

चालवत होती बायको, आणि मास्तरांच्या पोटात दुखत होतं ते तिथेच. आख्खी गल्ली तिला मास्तरीणबाई म्हणायची, पण मास्तरांनी तिला कधी स्टिअरिंगला हात लावू दिला नव्हता. "तुला नाही जमायचं," एवढंच म्हणायचे, तेही वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता. शेवटी बावन्नाव्या वर्षी ती समोरच मोटार शिकवणाऱ्या बाईंच्या वर्गात गेली. म्हणजे थेट शत्रूच्या गोटात! पहिल्या फटक्यात लायसन्स आणलं आणि चहाच्या कपाशेजारी ठेवलं. मास्तर दोन दिवस बोलले नाहीत. तिला ते दोन दिवस फार बरे गेले.

पुढे तर तिने कहरच केला. फिरत्या वाचनालयाच्या व्हॅनवर ड्रायव्हर हवा होता, तिने अर्ज टाकला आणि नोकरी मिळवली. सोमवारी रुजू व्हायचं. अट एकच, तिच्या चुकीने झालेला अपघात नावावर नको.

आणि गुरुवारी सकाळी हा प्रकार झाला.

भाजी घेऊन दोघं परत येत होते. कोपऱ्यावर एक ट्रक उभा होता. मास्तरीणबाईंनी वेग कमी केला, वळण घ्यायला सुरुवात केली. तेवढ्यात मास्तरांचा धीर सुटला. "ब्रेक!" असं ओरडून त्यांनी आपल्या बाजूचा ब्रेक दाण्णकन दाबला. तिथे ब्रेक नव्हताच, नुसता पत्रा होता. गाडी थांबेना, तेव्हा त्यांनी मधला हँडब्रेक धरून खसकन वर ओढला. गाडी रस्त्यात आडवी झाली आणि मागून येणारी मोटार येऊन धडकली. मास्तरांचा पाय तेव्हाही सगळी ताकद लावून पत्र्यावरच रोवलेला होता. टाचेत काहीतरी कडकन वाजलं.

आता मास्तरांच्या वर्गात भिंतीवर एक तक्ता होता, 'अपघातानंतरची नऊ कामं'. मास्तरांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलेला. तीस वर्षं ते तो तक्ता पोरापोरींकडून घोकून घेत आले होते. वर्ग घराच्या पुढच्याच खोलीत असल्यामुळे मास्तरीणबाईंना तो आतल्या खोलीत बसून पाठ झाला होता.

तिने गाडी बंद केली, दिवे लुकलुकते ठेवले. मास्तरांकडे वळून विचारलं, "अहो, कुठे लागलंय? हलू नका." फोन करून रुग्णवाहिका बोलावली. मग काहीही हलवायच्या आत गाडीचे आधी आतून, मग बाहेरून फोटो काढले. तोवर तिची मान चांगलीच आखडली होती, पण एकही फोटो हलला नाही.

आणि ज्यांनी तक्ता लिहिला, ते काय करत होते? ते हलले. दार उघडून एका पायावर बाहेर आले. मागच्या गाडीतून दातांची डॉक्टरीण उतरली, तिच्याशी भांडले. आणि 'चूक कोणाची हे जागेवर बोलू नका' असं ज्यांनी लाल शाईने लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या, ते भर रस्त्यात गरजले, "चूक हिचीच! मी कधीचा सांगतोय, हिला नाही जमायचं!"

बघ्यांनी ऐकलं. डॉक्टरीणबाईंनी ऐकलं आणि विम्याच्या कागदावर शब्दन् शब्द उतरवून दिला. मास्तरीणबाईंनीही ऐकलं. त्यांनी फक्त डॉक्टरीणबाईंचा फोन नंबर टिपून घेतला आणि त्यांना कुठे लागलंय का ते विचारलं.

इस्पितळात मास्तरांना एकट्यालाच तपासून घ्यायचं होतं. "हिला काही झालेलं नाही." मास्तरीणबाई म्हणाल्या, "बरं वाटत असलं तरी डॉक्टरकडे जावं, सातवं काम." आणि त्यांनी स्वतःच्या मानेचाही एक्स-रे काढून घेतला. मानेला पट्टा बसला, चार दिवसांचा. सोमवारी सकाळी काढायचा. मास्तरांना प्लास्टर पडलं, सहा आठवड्यांचं.

हाडांचा डॉक्टर टाचेचा एक्स-रे उजेडात धरून म्हणाला, "पाय जोरात दाबलेला होता तुमचा. तुम्हीच चालवत होतात ना?"

"छे! ही चालवत होती."

"मग पाय कशावर होता?"

"जमिनीवर."

"जमीन कशाला दाबत होतात?"

मास्तर छताकडे बघू लागले. डॉक्टरला काय झालं ते खरंखरं सांगा, हे आठवं काम होतं. डॉक्टरने कागदावर लिहिलं, कारण समजले नाही.

घरी आल्यावर मास्तरीणबाईंनी एकदाच विषय काढला. "चूक माझी ठरली तर व्हॅन गेली. तुम्हाला माहीत आहे ना?"

"बघू," मास्तर म्हणाले.

बघू! माणसाला लाज वाटायला हवी होती, आणि खरं सांगायचं तर वाटतही होती. पण तो बोर्ड खिडकीतून दिसत होता. शून्य गेलं तर समोरच्या बाई हसतील, पोरं त्यांच्याकडे जातील, आणि तीस वर्षांची ऐट पाण्यात. रात्री कूस बदलली की टाच ठणकायची आणि बाजूला ती मानेला पट्टा लावून लाकडासारखी ताठ झोपलेली असायची. मास्तरांना झोप लागली नाही.

शनिवारी दुपारी विम्याचा माणूस आला. सडपातळ, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. मास्तरीणबाईंचा जबाब त्याने सकाळीच फोनवर घेतला होता. त्या चहा करायला आत गेल्या.

"काकूंनी दोनच वाक्यं सांगितलीत," तो म्हणाला. "'मी ब्रेक दाबला नाही, तरी गाडी थांबली. का थांबली ते ह्यांना विचारा.' तर विचारतो. का थांबली?"

मास्तरांनी घसा खाकरला. "त्याचं असं आहे, गाडी जुनी आहे. कधीकधी चाकं आपोआप धरतात."

"म्हणजे गाडीतला बिघाड?"

"तसं समजा. आणि हात नवखा असला की मग..."

विम्याचा माणूस लिहू लागला. मास्तरीणबाई चहा घेऊन आल्या. मान वळत नव्हती, म्हणून कप ठेवायला त्या सगळ्याच्या सगळ्या वळल्या, गुडघ्यात वाकल्या, आणि थेंबही न सांडता कप ठेवून तशाच वळून परत गेल्या. मास्तरांकडे त्यांनी बघितलं नाही. बघितलं असतं तर मास्तरांनी भांडण काढलं असतं आणि सुटले असते.

"खोडा ते," मास्तर म्हणाले.

"काय?"

"जे लिहिलंत ते खोडा. हँडब्रेक मी ओढला."

विम्याच्या माणसाने चष्मा वर सरकवला. "का?"

"माझ्या बाजूचा ब्रेक लागला नाही म्हणून."

"तुमच्या बाजूला ब्रेक आहे?"

"नाही ना! म्हणूनच तर लागला नाही. हे बघा, माझी अक्कल काढू नका, ती घरात बऱ्याच वर्षांपासून काढली जातेय. पत्रा दाबून टाच मोडून घेतली, हेही लिहा. डॉक्टरला सांगायचं राहिलं."

"काकू वेगात होत्या का?"

"नाही."

"वळण चुकत होतं?"

मास्तरांना हँडब्रेकचं कबूल करणं त्या मानाने सोपं गेलं होतं.

"नाही," ते शेवटी म्हणाले. "वळण बरोबर होतं. माझ्या हाताखालून इतकी पोरं गेली, इतकं सुरेख वळण एकाने घेतलं नाही. लिहा. 'सुरेख' लिहा."

"'सुरेख'ला रकाना नाही."

"मग बाजूला लिहा!"

त्याने बाजूला लिहिलं, मास्तरांची सही घेतली, चहा पिऊन गेला. मास्तरीणबाई बाहेर आल्या आणि त्यांनी फोन मास्तरांच्या हातात दिला. गुरुवारचा फोटो होता. गाडीच्या आतला. हँडब्रेक वर ओढलेला, आणि त्यावर मास्तरांची मूठ, घड्याळासकट. डोळे गच्च मिटलेले, तोंड उघडं.

मास्तरांच्या कानांपर्यंत रक्त चढलं. "हा होता तुझ्याकडे? मग दिला का नाहीस त्याला?"

"नववं काम. जबाब ज्याचा त्याने द्यावा." त्या खुर्चीत बसल्या. "तुम्हीच लिहिलंय."

"आणि मी खोटंच बोललो असतो तर?"

"तर फोटो त्याला दिला असता, सोमवारी व्हॅनवर गेले असते," मास्तरीणबाई म्हणाल्या, "आणि संध्याकाळी या घरी आले नसते."

आवाज चढला नव्हता. मास्तरांनी तिच्याकडे बघितलं आणि त्यांना कळलं, की ही बाई तीन दिवस बॅग मनात भरून बसली होती. त्यांना एकदम भीती वाटली, गुरुवारी कोपऱ्यावर वाटली त्याहून कितीतरी जास्त.

"चुकलो गं," ते म्हणाले. मग, "त्या बोर्डावरचं शून्य पुसून एक कर."

"मी का? तुमची टाच मोडलीय, हात नाही."

रविवारी मास्तरांनी कुबडी काखेत धरून, शिव्या हासडत, शून्याच्या जागी एक रंगवला. समोरच्या बाई खिडकीतून बघत होत्या. हसल्या नाहीत, उलट रंगाचा डबा धरायला माणूस पाठवू का म्हणून विचारलं. मास्तरांना ते हसण्यापेक्षा जास्त लागलं.

सोमवारी सकाळी मास्तरीणबाईंनी मानेचा पट्टा काढून खुंटीला लावला, मान दोन्ही बाजूंना वळवून पाहिली आणि गेल्या. नऊच्या सुमाराला पुस्तकांची ती भली मोठी व्हॅन गल्लीच्या तोंडाशी आली. मास्तर खिडकीत बसले होते. कोपऱ्यावर आजही ट्रक होता आणि त्याच्यापुढे एक हातगाडीही. मास्तरांचा प्लास्टरमधला पाय आपोआप जमिनीवर दाबला गेला आणि कळ थेट मस्तकात गेली.

व्हॅन वळली. मागचा लाल दिवा लागलाच नाही. ब्रेकची गरज नव्हती तिला तिथे.