रेषेबाहेरचा ठिपका

अंदाजपंचे हे काही त्याचं खरं नाव नव्हे. ते बाईंनी, म्हणजे त्याच्या वहिनीने ठेवलेलं. दिराने भाजीत मीठ घातलं की ती खारट, खिळा ठोकला की आरसा तिरका. हातात टेप असली तरी गडी डोळ्यानेच मापणार. घरात सगळे हसायचे, तोही हसायचा. बाई शाळेत गणित शिकवायच्या आणि चुकीचं माप त्यांना दाताखाली आलेल्या खड्यासारखं लागायचं.

दोघे भाऊ दगडाच्या खाणीत होते. थोरला, बाईंचा नवरा, तिथला मुकादम. खाणीच्या कड्याला माथ्यावर एक भेग पडली होती. तिच्या दोन्ही अंगांना खुंट्या ठोकून त्यांच्यातलं अंतर तो रोज सकाळी टेपने मोजायचा. मालकाचा इंजिनिअर महिन्यातून एकदा उगवायचा. तोवर टोळी कड्याखाली न्यायची की नाही, हे ओझं मुकादमाच्याच डोक्यावर. मुकादमाचा भरवसा बायकोवर आणि तिच्या आलेख काढणाऱ्या कॅल्क्युलेटरवर.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात बाईंनी नवा आकडा भरला. इतके दिवस पडद्यावरचे ठिपके शहाण्या मुलांसारखे एका रांगेत चढत होते. आजचा मात्र रांग सोडून वर गेला होता. बाईंनी सरळ रेषा बसवून पाहिली, बसेना. मग घातांकी वक्र घेतला, आधी रांगणारा आणि मग एकदम उसळणारा. तो सगळ्या ठिपक्यांना धरून गेला आणि उजवीकडे पडद्याबाहेर निघून गेला. तो खरा असेल तर कडा आता फार दिवस धरणार नव्हता.

"अहो, आज कोणी मोजलं?"

"धाकट्याने. मी सामानाची गाडी उतरवून घेत होतो. का गं?"

"अंदाजपंच्यांनी!" बाईंच्या जिवात जीव आला, हसूच फुटलं त्यांना. "टेप तिरकी धरली असणार, दुसरं काय."

"उद्या मी परत मोजतो आणि मगच टोळी खाली नेतो."

ठिपका रेषेत बसत नाही म्हणून खोडायचा नाही, आधी पुन्हा मोजायचं, असं बाई वर्गात घसा कोरडा करून सांगायच्या. दिराचं घर दोन गल्ल्या पलीकडे होतं, फोन ओट्यावरच पडला होता. पण ज्याला चिमूटभर मिठाचा अंदाज नाही, त्याला विचारून काय उपयोग? त्यांनी तो ठिपका पुसला. उरलेल्यांतून रेषा सुतासारखी सरळ गेली. भेग धोक्याच्या मापाला पोचायला अजून कितीतरी आठवडे होते.

"घाई नाही," त्या म्हणाल्या. "दुपारी मोजलंत तरी चालेल."

"तू म्हणतेस तर झालं," तो म्हणाला आणि पोटभर जेवला.

सकाळी त्याने टोळी खाली नेली. जेवणाच्या सुट्टीआधीच कडा कोसळला. धाकटा वर यंत्राला तेल घालत होता, म्हणून वाचला. खालचं कोणीच वाचलं नाही. नवऱ्याला बाहेर काढलं तेव्हा बाईंना फक्त त्याचा हात पाहू दिला.

सगळं आटोपल्यावर दीर येऊन समोर बसला. बाईंनी काही लपवलं नाही. "तुमचा आकडा मी खोडला," त्या म्हणाल्या. "मी मारलं त्यांना." त्याने ओरडावं, हात उगारावा, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

"नाही वहिनी, घोळ माझाच," तो म्हणाला. "पहिल्यांदा मोजलं तर आकडा फार मोठा आला. तुम्ही हसाल म्हणून चहा पिऊन पुन्हा मोजलं, तर आणखीच मोठा. म्हटलं, आपला हातच फुटका. मग त्यातला लहान दिला दादाला."

चहा पिण्याएवढ्या वेळात भेग तेवढी रुंदावली होती. बाईंना ते लगेच कळलं. दिराला अजून कळलं नव्हतं. तो आपल्या हातांना शिव्या घालत रडत होता. त्याचे दोन्ही आकडे बरोबर होते, हे त्याला सांगायची बाईंची हिंमत होईना.