ताई तीन

"थांबा हो मावशी, परत तेच झालं." नव्या गायिकेने माइक खाली घेतला. "इथे आले की मी पडतेच. पायाखालची पायरी कुणीतरी काढून घेतल्यासारखं होतं."

धाकटीने कीबोर्डचं बटण दाबलं. ढोल, बेस, गिटार, आतली सगळी मंडळी एकदम गप्प झाली. पन्नाशी उलटली तरी या वाद्यवृंदात तिला सगळे धाकटीच म्हणत, कारण गाणारी तिची ताई होती. ताई जाऊन वर्ष होत आलं होतं, तरी धाकटी धाकटीच राहिली होती.

"दुसरी ओळ संपते ना, तिथे ताल जातो कुठे?" गायिकेने विचारलं.

"जात नाही गं. थांबतो."

"कुणासाठी?"

कोपऱ्यात मिक्सरपाशी भावजी बसले होते, ताईचे यजमान. आवाजाचं सगळं तेच बघायचे, ताई असताना आणि आताही. ते खाकरले.

"धाकटे, बुजवून टाक तो खड्डा. शनिवारी कार्यक्रम आहे. ती बिचारी किती वेळा ठेचकाळणार?"

रस्त्यातला खड्डा असावा तसं बोलले. धाकटीने त्यांच्याकडे वळून पाहिलं. बायकोची एवढीशी जागाही या माणसाला नकोशी झाली?

ती जागा तिने ताईसाठी केली होती. डाव्या हाताने नुसती कॉर्ड, म्हणजे दोन-तीन सूर एकत्र, धरली की हा कीबोर्ड अख्खा वाद्यवृंद उभा करतो. त्या साथीच्या साच्याला स्टाइल म्हणतात. आयत्या मिळणाऱ्या स्टाइल्स छान असतात, पण त्या कुणासाठी थांबत नाहीत. ताईच्या फुप्फुसांनी कुरकुर सुरू केली आणि तिला दुसऱ्या ओळीनंतर दम पुरेना, तेव्हा धाकटीने स्वतःच स्टाइल बांधायला घेतली. दोन ओळींच्या मध्ये ढोल एक गिरकी घेतात, ती फिल. धाकटीने फिलमधले ढोल काढून टाकले, बेसचा एकच लांब सूर ठेवला, आणि त्यावर व्हायोलिन हळूहळू चढवत नेलं. तेवढ्यात ताई श्वास घ्यायची. ऐकणाऱ्यांना वाटायचं, वा, काय नजाकत आहे!

"दम लागण्याला नजाकत म्हणतात होय?" ताई हसायची. "आधी सांगितलं असतंस तर रोज जिना चढून आले असते की."

त्या पहिल्या स्टाइलला धाकटीने नाव दिलं 'ताई एक'. मग 'ताई दोन' आली. तिच्यात लय उतरली. 'ताई तीन'मध्ये ती आणखी उतरली, आणि व्हायोलिन इतकं मोठं झालं की छातीतली घरघर त्याच्याआड झाकली जावी. तिन्ही ओळीने वाजवल्या तर आजारपण पायरी पायरीने खाली उतरताना ऐकू यायचं. म्हणून धाकटी त्या ओळीने कधीच वाजवत नसे.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती एकटीच तालमीच्या खोलीत आली. 'ताई तीन'ची नक्कल केली, लय चढवली आणि फिल उघडली. कीबोर्डवर काम करताना तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा फिरत राहतो. बेसचा लांब सूर, चढतं व्हायोलिन. पुन्हा बेस, पुन्हा व्हायोलिन. ढोल भरायचे म्हणून तिने बोट उचललं, आणि त्या मोकळ्या जागेत तिला ताईचा श्वास ऐकू आला. आधी बारीक शीळ, मग ओढ, मग घशाशी अडकून सुटल्यासारखा. तिने आवाज बंद केला, खिडकी लावली, पुन्हा सुरू केलं. श्वास होताच. तुकडा फिरून आला की तोही फिरून यायचा. दर वेळी ताई पुढची ओळ उचलणार असं वाटायचं, आणि ओळ काही यायची नाही.

"ताई, सरक गं जरा," ती मोठ्याने म्हणाली. आपल्याच आवाजाने दचकली. मग डोळे मिटून तिने ढोल वाजवले. फेरा परत आला तेव्हा ढोल कडकडून वाजले आणि त्याखाली काहीही ऐकू आलं नाही. साठवताना कीबोर्डने नाव विचारलं. तिने नुसता 'एक' हा आकडा घातला.

शनिवारी सभागृह भरलं होतं. कुठल्याशा संस्थेचा वार्षिक समारंभ होता. दुसरी ओळ संपली, धाकटीने बटण दाबलं, ढोलांनी झोकात गिरकी घेतली. आणि गायिकेचा आवाज गेला. शेवटचा शब्द आळवत तिचे ओठ हलत होते, गळ्याच्या शिरा ताणलेल्या होत्या, पण कर्ण्यांतून अक्षर येईना. ढोल संपले, आवाज आला. पुढच्या कडव्यात त्याच जागी पुन्हा गेला.

आपण बुजवलेल्या जागेतून ताईने हात बाहेर काढला, असंच धाकटीला क्षणभर वाटलं. तिसऱ्या कडव्याला तिने मान वळवून मिक्सरकडे पाहिलं.

भावजींचे डोळे मिटलेले होते. दुसरी ओळ संपता संपता त्यांच्या अंगठ्याने माइकची सरकती कळ अलगद खाली ओढली. त्यांची छाती वर आली. भरून श्वास घेतल्यासारखी. मग कळ वर गेली.

मध्यंतरात गायिका तणतणत आली. "काका, माझा माइक बंद पडतोय. लोक हसतायत!"

भावजी घाईघाईने वायर चाचपू लागले. "वायर तर ठीक दिसतेय. थांब, दुसरी लावतो."

"तू चहा घेऊन ये जा," धाकटी तिला म्हणाली. ती गेल्यावर हळूच म्हणाली, "भावजी, वायर नाही. तुमचा हात आहे."

"माझा?"

"दुसऱ्या ओळीनंतर तुम्ही कळ खाली ओढता."

"काहीतरीच काय! मी कशाला..." ते थांबले. आपल्या अंगठ्याकडे बघत राहिले. "तिनेच सांगितलं होतं. घरघर लोकांना ऐकू जाऊ देऊ नका म्हणून. बाकी कधी काही मागितलं नाही बघ तिने."

"मला वाटायचं, व्हायोलिनने झाकली जाते."

"व्हायोलिनने कुठली झाकतेय? मी झाकायचो." ते खुर्चीत बसले. "घरी रात्रभर तो आवाज ऐकायचो, धाकटे. काही करता यायचं नाही. इथे तेवढं एक करता यायचं."

पंख्याने त्यांची पांढरी बट उडत होती.

"म्हणून म्हणालो, खड्डा बुजव," भावजी म्हणाले. "तो आला की माझा जीव जायचा. म्हटलं, जागाच नसली तर सुटेन."

"कळेला चिकटपट्टी लावू का?"

"नको. कळेचा काय दोष?"

पडदा पुन्हा उघडला. गायिकेने माइकवर टिचकी मारून बघितली आणि जरा भीत भीतच त्याच साथीवरचं पुढचं गाणं सुरू केलं. पहिली ओळ झाली. दुसरी संपत आली. धाकटीचं एक बोट बटणावर होतं आणि नजर मिक्सरवर.

भावजींचा उजवा हात कळेकडे निघाला. डाव्या हाताने त्याला मनगटाशी धरलं, मांडीवर आणलं, आणि तिथेच धरून ठेवलं. ढोल वाजले. गायिकेचा सूर कुठेही न तुटता पलीकडे गेला. टाळ्या पडल्या, तिसरी ओळ लागली, तरी भावजींनी तो हात सोडला नव्हता.